पावावरचा रुमाल : समोरच्याची लाज राखणारी ज्यू पंगत

काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी ठाण्यातल्या एका बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यानपिढ्या मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबाकडे मी जेवायला गेले होते. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून अर्धा किलो श्रीखंड घेऊन गेले. घरातल्या आजींनी डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडून वास घेतला, "केशराचं! उद्या सकाळी पोळीबरोबर खाऊ," म्हणाल्या आणि आत नेऊन ठेवला. जेवायला नारळाच्या दुधातलं मटण होतं. आज पानात वाढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. पण तेवढंच. जवळजवळ दोन वर्षांनी, कोशर म्हणजे काय ते वाचताना, मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही हे मला कळलं आणि त्या डब्याचा उलगडा झाला. त्या खोलीत माझ्याशिवाय प्रत्येकाला ते ठाऊक होतं. सात-आठ वर्षांची नातसुद्धा काही बोलली नव्हती.

हल्ली ज्यू घरांमधल्या शुक्रवारच्या जेवणाचे व्हिडिओ मोबाईलवर सारखे येतात, आणि त्यांच्याखाली तेच ते प्रश्न असतात. पाव झाकून का ठेवलाय? हात धुतल्यावर सगळे अचानक मुके का झाले? पाहुण्याने वाइनची बाटली उचलली तर यजमान का गडबडला? उत्तरं बहुतेक वेळा "त्यांचा धर्म आहे" एवढ्यावर संपतात. या रिवाजांमधून एक धागा फिरलेला आहे, तो मात्र सांगायचा राहून जातो. देवाचा नियम पाळताना शेजारी बसलेल्या माणसाची मान खाली जाऊ नये, याची त्या परंपरेने पिढ्यानपिढ्या चर्चा केली आहे, आणि ती चर्चा करण्याची जागा बहुतेक वेळा जेवणाचं मेज हीच राहिली आहे.

आधी तीन-चार शब्द

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंतचा विसाव्याचा दिवस म्हणजे शब्बाथ. त्याची सुरुवात घरात वाइनच्या पेल्यावर म्हटलेल्या प्रार्थनेने होते, ती किद्दुश. आपल्याकडच्या बेने इस्रायली घरांत वाइनच्या जागी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत घेण्याची जुनी रीत आहे. धर्मशास्त्राने खायला योग्य ठरवलेलं ते कोशर. यात कोणता प्राणी, तो कसा कापला, मांसाबरोबर दूध नाही, भांडी वेगळी, असं सगळं येतं. आणि ताल्मुद म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत आकाराला आलेला, धर्मपंडितांच्या वादविवादांचा अवाढव्य ग्रंथ. त्यात कायदा आहे, गोष्टी आहेत, भांडणं आहेत, आणि जेवणावळींचे किती प्रसंग आहेत याला गणती नाही.

एवढं पुरे. बाकी शब्द वाटेत लागतील तसे बघू.

पावाला कसली लाज?

शुक्रवारच्या मेजावर दोन पाव असतात, काही घरांत दोन चपात्या, आणि त्यांच्यावर भरतकाम केलेला रुमाल. किद्दुश होईपर्यंत तो काढत नाहीत.

याचं एक कारण बायबलातल्या कथेत आहे. वाळवंटात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना आकाशातून 'मान्ना' नावाचं अन्न मिळे. ते दवाच्या दोन थरांमध्ये झाकलेलं असे, त्याची ही आठवण. दुसरं कारण ऐकून मी थबकले होते. बायबलात त्या भूमीची पिकं सांगताना गहू आणि जव आधी येतात, द्राक्षवेल नंतर. त्यामुळे प्रार्थनेचा पहिला मान पावाचा. शब्बाथला मात्र वाइनवरची प्रार्थना आधी म्हणायची असते. म्हणजे ज्याचा पहिला मान, तो समोर असताना त्याला बाजूला ठेवायचं. मग पावाला आपला अपमान दिसू नये, म्हणून त्याच्यावर रुमाल.

पावाला डोळे नाहीत, हे ही रीत घालणाऱ्यांनाही माहीत होतं. ही तालीम आहे. घरातलं लहान मूल दर आठवड्याला तो रुमाल बघतं आणि "का?" विचारतं. आपण मुलांना सांगतो की पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार कर. पुस्तकाला त्याचं काही नसतं, पण नमस्कार करणारा हात वळणाला लागतो.

एकोणिसाव्या शतकात लिथुएनियात राब्बी इस्राएल सालांतेर नावाचे धर्मगुरू होऊन गेले. आचरणशुद्धीवर भर देणारी 'मुसार' चळवळ त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. ते शब्बाथला एकाकडे जेवायला गेले. यजमानाची बायको पाव झाकायला विसरली होती. पाहुणे एवढे मोठे, म्हणून यजमान पाहुण्यांदेखतच तिच्यावर ओरडला. सालांतेरांनी त्याला विचारलं, पावाची लाज राखायची म्हणून तू बायकोची घालवतोस? दुसऱ्या एका गोष्टीत ते हात धुताना अगदी मोजकं पाणी घेतात. भरपूर पाण्याने हात धुणं पुण्याचं, मग तुम्ही एवढं कमी पाणी का घेतलं, असं कुणी तरी विचारतं. ते दाखवतात, पाणी भरणारी मोलकरीण ते चढावरून वाहून आणते. आपलं पुण्य तिच्या खांद्यांवरून का मिळवायचं? डोक्यावर हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बायका जिने पाहिल्या आहेत, तिला ही गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.

चेहरा पांढरा पडणं

चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा करणं, याला ताल्मुदात 'चेहरा पांढरा करणं' म्हणतात. तिथे एक पंडित म्हणतो, जो दुसऱ्याचा चेहरा लोकांसमोर पांढरा करतो त्याने जणू रक्त सांडलं. दुसरा लगेच म्हणतो, खरंय, मी पाहिलंय, आधी चेहऱ्यावरची लाली जाते आणि मग पांढरेपणा येतो. हे बारीक निरीक्षण आहे. वर्गात फी राहिली म्हणून उभं केलेल्या मुलाचा चेहरा आठवून बघा.

त्याच ठिकाणी याहून कडक वाक्य येतं, की माणसाने पेटत्या भट्टीत उडी घ्यावी पण दुसऱ्याला लोकांसमोर लाजवू नये. आधार म्हणून बायबलातल्या तामारची कथा दिली आहे. ती विधवा, गरोदर राहिली म्हणून सासरा यहूदा तिला जाळायची आज्ञा देतो. मूल त्याचंच असतं. तिला जाळायला नेताना ती त्याचं नाव घेत नाही. त्याने तिच्यापाशी ठेवलेल्या वस्तू पाठवून ती एवढंच सांगते, की या ज्याच्या आहेत त्याच्यापासून मी गरोदर आहे. कबूल करायचं की नाही हे तिने त्याच्यावर सोडलं.

वास्तवातले प्रसंग इतके भीषण नसतात. ताल्मुदातलाच एक साधा प्रसंग घ्या. इसवी सन 200 च्या सुमाराचे मोठे आचार्य राब्बी यहूदा हनासी शिकवत होते. कुणी तरी लसूण खाऊन आलं होतं, वास सहन होईना. ते म्हणाले, ज्याने लसूण खाल्लाय त्याने बाहेर जावं. त्यांचे ज्येष्ठ शिष्य राब्बी हिय्या उठले आणि चालू लागले. मग बाकीचे सगळेच उठून गेले. दुसऱ्या दिवशी आचार्यांच्या मुलाने हिय्यांना विचारलं, माझ्या वडिलांना त्रास देणारे तुम्हीच का? ते म्हणाले, छे, असं माझ्या हातून होणं नाही. लसूण नेमका कुणी खाल्ला होता हे ताल्मुदात कुठेच लिहिलेलं नाही. दीड हजार वर्षांहून जास्त काळ त्या माणसाचं नाव झाकलेलं राहिलं आहे.

'मांडलेलं मेज' आणि त्यावरचं कापड

ज्यू आचारधर्माचा जो ग्रंथ आजही प्रमाण मानतात, त्याचं नावच 'शुल्हान आरुख', म्हणजे मांडलेलं मेज. गालिली प्रांतातल्या साफेद गावात योसेफ कारो यांनी तो लिहिला आणि 1565 मध्ये तो व्हेनिसला छापला गेला. पोलंडमधल्या क्राकूवचे मोशे इस्सर्लेस यांनी त्याला आपल्याकडच्या चालीरीतींची जोड दिली आणि त्या टिपणांना नाव दिलं 'माप्पा', म्हणजे मेजावरचं कापड.

या ग्रंथात जेवणाच्या शिष्टाचारावर एक प्रकरण आहे. एक नियम असा: जेवणाऱ्याच्या तोंडाकडे किंवा त्याच्या पानातल्या वाट्याकडे टक लावून बघू नये, त्याला लाज वाटेल. आणखी एक: यजमानाने जेवताना चिडचिड करू नये. कारण पाहुण्यांना आणि घरच्यांना वाटेल, आपण खातोय म्हणूनच हा रागावलाय, आणि त्यांचा घास अडेल. इथे "आणि घरच्यांना" हे शब्द आहेत, त्यावर मी बोट ठेवते. पाहुण्यांसमोर गोड आणि घरच्यांवर खेकसणारी माणसं सगळीकडे असतात. चारशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकाने सून, मूल, नोकर यांचाही घास मोजला.

आणखी एक नियम वरवर विचित्र वाटतो. आपल्या पानात वाढलेलं अन्न पाहुण्याने यजमानाला न विचारता त्याच्या मुलाला देऊ नये. आपल्याकडे तर हे प्रेमाचं लक्षण! पण या नियमामागे ताल्मुदातला एक भयंकर प्रसंग आहे. दुष्काळ होता. एकाने तिघांना जेवायला बोलावलं आणि त्यांना वाढायला घरात फक्त तीन अंडी होती. त्याचं भुकेलं मूल येऊन उभं राहिलं. पहिल्या पाहुण्याने आपलं अंडं त्याला दिलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. बाप आत आला तेव्हा मुलाच्या तोंडात एक आणि दोन्ही हातांत दोन अंडी होती. पाहुण्यांची पानं रिकामी. रागाच्या आणि शरमेच्या भरात त्याने मुलाला उचलून आपटलं आणि ते मूल मेलं. पुढे आई-बापही जिवाला मुकले.

तिन्ही पाहुणे चांगलेच होते. प्रत्येकाने दया केली. पण ते अंडं वाढताना यजमानाने काय पणाला लावलं होतं, ते कुणाला दिसलं नाही. म्हणून त्या मेजावर "आधी यजमानाला विचार" असं ठरलं.

सगळ्यांची टोपली सारखी

आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात. ज्यूंमध्येही दफनानंतरचं पहिलं जेवण शोक करणाऱ्याने स्वतःच्या घरचं खायचं नसतं, शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. त्यात बहुधा अंडी किंवा मसूर असतात.

ताल्मुद सांगतो की पूर्वी श्रीमंत लोक हे अन्न सोन्याचांदीच्या टोपल्यांतून नेत आणि गरीब लोक वाळुंजाच्या सोललेल्या फोकांच्या टोपल्यांतून. गरिबांना लाज वाटू लागली. तेव्हा ठरवलं की यापुढे सगळ्यांनी फोकांच्याच टोपल्या आणायच्या. पेयांचंही तेच. श्रीमंत पांढऱ्या, नितळ काचेतून नेत, तेव्हा ती महाग होती, आणि गरीब रंगीत काचेतून. सगळ्यांनी रंगीत काच वापरायची असं ठरलं.

गरिबांना चांगल्या टोपल्या वाटणं हाही एक मार्ग होता. पण मग कुणाला वाटल्या ते गावाला कळलं असतं. त्यांनी श्रीमंतांना खाली यायला सांगितलं, आणि मला तोच निर्णय जास्त शहाणपणाचा वाटतो. शाळेच्या डब्याबद्दल एखादी बाई वर्गाला सांगते ना, "रोज सगळ्यांनी पोळीभाजीच आणायची", तसंच हे.

पैशाच्या गरिबीसारखीच अक्षराचीही गरिबी असते. यरुशलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन तिथे जात आणि हिब्रूतला एक उतारा म्हणत. ज्यांना येई ते आपले आपण म्हणत, ज्यांना येत नसे त्यांना सांगणारा एक एक शब्द सांगे. न येणाऱ्यांनी पुढे टोपली आणणंच बंद केलं. मग नियम केला, येवो न येवो, प्रत्येकाला शब्द सांगायचेच. टोपल्या पुन्हा येऊ लागाव्यात म्हणून विद्वानालाही "माझ्यामागून म्हण" ऐकावं लागलं.

ज्याला विचारताही येत नाही

आता त्या 'मुक्या' क्षणाकडे येऊ. पाव खाण्याआधी दोन दांड्यांच्या भांड्याने हातांवर पाणी घेतात, प्रार्थना म्हणतात, आणि तिथपासून पावाचा पहिला तुकडा तोंडात जाईपर्यंत बोलत नाहीत. हात धुणं आणि खाणं यांत खंड पडू नये, एवढंच त्यामागचं कारण. पण माहीत नसलेल्याची काय अवस्था होते? तो विचारतो, "टॉवेल कुठे आहे?" आणि पाच माणसं त्याच्याकडे बघून "हं, हं" करत बोटं दाखवतात. त्याला वाटतं आपण काही तरी अभद्र केलं.

ठाण्याच्या त्या घरात आजींनी हे आधीच सोडवलं होतं. बेसिनकडे जाण्याआधी त्या मला म्हणाल्या, "बाळा, आता हात धुतले की पाव तोंडात जाईपर्यंत आम्ही कुणी बोलणार नाही हं. रुसलो नाही तुझ्यावर. तू पाहिजे तेवढं बोल." आणि मुख्य म्हणजे हे त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात, हळू आवाजात सांगितलं. मेजावर सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर मी 'समजावून सांगावं लागणारी' पाहुणी झाले असते.

इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची आठवण म्हणून पेसाहचा सण असतो. त्या रात्रीचं जेवण म्हणजे तर सगळी प्रश्नोत्तरंच. त्या वेळी वाचायच्या पुस्तकाला 'हगादा' म्हणतात. सुरुवातीलाच एक वाक्य आहे: जो भुकेला असेल त्याने यावं आणि खावं. बाकीचं पुस्तक मुख्यतः हिब्रूत आहे, पण हे वाक्य त्या काळच्या बोलीत, अरामीत आहे. पुढे चार प्रकारच्या मुलांचं वर्णन येतं: शहाणा, वाईट, भोळा, आणि ज्याला काय विचारावं हेही कळत नाही तो. या चौथ्याबद्दल हगादा म्हणते, तूच त्याच्यासाठी सुरुवात कर. त्याने तोंड उघडायची वाट पाहायची नाही.

इथे मराठीचा संबंध येतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. इस्सर्लेस यांनी आपल्या टिपणात लिहिलंय की हगादा बायकामुलांना समजेल अशा भाषेत म्हणावी किंवा त्यांना अर्थ सांगावा. परंपरा सांगते त्याप्रमाणे कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागलेले, तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायल घरात मराठी बोलत. त्यांच्यासाठी 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली आणि 1874 मध्ये पुण्यात आणखी एक. पुण्याच्या हगादेत भारतीय पेहरावातल्या बायका पेसाहची बिनखमिराची भाकरी करताना दाखवल्या आहेत. हिब्रू न येणारी एखादी आजी त्या रात्री मान खाली घालून बसण्याऐवजी आपल्याच भाषेत वाचू शकली, आणि चित्रात तिला आपल्यासारखीच बाई दिसली.

पण वाइनचं काय? ही शिवाशिव नाही का?

मराठी वाचक हा प्रश्न विचारणारच, आणि विचारायलाच हवा. कडक नियम असा आहे की ज्यू नसलेल्या माणसाने उघड्या वाइनला हात लावला किंवा ती ओतली, तर पाळणाऱ्या ज्यूला ती पिता येत नाही. ऐकताना अंगावर काटा येतो, कारण पाणवठ्यावर आणि पंगतीत काय काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

फरक आधी सांगते. हा नियम वाइनपुरता आहे. त्या माणसाने दिलेलं पाणी, त्याचा हात, शेजारी बसणं, यातलं काही विटाळत नाही. नियमाचं मूळ प्राचीन काळात आहे. तेव्हा वाइन देवतांपुढे ओतून अर्पण करत, आणि तशी अर्पण झालेली वाइन ज्यूंना वर्ज्य होती. पुढे त्यात दुसरा हेतू मिसळला: एकत्र पिण्यातून सोयरीक होऊ नये. म्हणजे कुंपण घालण्याचा हेतू होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. आणि फरक कितीही समजावला तरी ज्याने प्रेमाने बाटली उचलली, त्याला त्या क्षणी "माझ्या हाताने चालत नाही" एवढंच ऐकू येतं.

मग मेजावर काय करतात? धर्मशास्त्राने एक वाट ठेवली आहे. उकळलेल्या वाइनला हा नियम लागू होत नाही, कारण ती वेदीवर अर्पण करण्याच्या लायकीची राहत नाही असं मानतात. अशा वाइनच्या बाटलीवर 'मेवुशाल', म्हणजे शिजवलेली, असं छापलेलं असतं. आज ती झटकन तापवून गार करतात. ज्या घरांत वेगवेगळ्या धर्मांचे पाहुणे येतात तिथे यजमान मुद्दाम हीच बाटली आणून ठेवतो. कुणीही ओतावी, कुणीही पुढे करावी. प्रश्नच उभा राहत नाही, त्यामुळे कुणाला उत्तर देण्याची वेळ येत नाही. न उकळलेली चांगली वाइन हवीच असेल तर यजमान बाटली आपल्याजवळ ठेवून स्वतः वाढत राहतो, पाहुण्यांचा पेला रिकामा होण्याआधीच.

माझं मत विचाराल तर, या युक्तीने तो नियम न्याय्य ठरत नाही, फक्त त्याचा काटा पाहुण्याला बोचत नाही. ज्यूंमध्येही याबद्दल एकमत नाही. काही पंथांनी हा नियम बराच सैल केला आहे आणि अनेक घरं तो पाळतच नाहीत.

मग माणसासाठी नियम वाकवायचा की नाही?

ताल्मुदात एक तत्त्व आहे: माणसाची प्रतिष्ठा इतकी मोठी की ती निषेधालाही बाजूला सारते. पण त्याच पानावर त्याला मर्यादा घातली आहे. लोकर आणि लिनन (जवसाच्या झाडाचा धागा) एकत्र विणलेलं कापड बायबलाने वर्ज्य केलंय. ते आपल्या अंगावर आहे असं कळलं तर भर बाजारातही उतरवावं, असं तिथे म्हटलंय. हे कसं जुळवायचं? हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घ्या. सोसायटीचे पोटनियम समिती अडीअडचणीला सैल करू शकते, पण राज्याचा कायदा समितीला बदलता येत नाही. तसं, पंडितांनी घातलेले बरेच नियम प्रतिष्ठेपुढे वाकतात. थेट बायबलातले सहसा वाकत नाहीत. म्हणून पाळणारा ज्यू तुमच्या घरचं चिकन तुमचं मन राखायला खाणार नाही. मात्र "नाही" कसं म्हणायचं, हे त्याच्या हातात उरतं.

खरी ओढाताण आपल्याच माणसांत होते. शुल्हान आरुख सांगतो की जो प्रार्थना म्हणणार नाही त्याला खायला देऊ नये. आता धर्म न मानणारा मेहुणा घरी आलाय. त्याला सांगायचं का, "प्रार्थना म्हण, मगच चहा"? यरुशलेमचे राब्बी श्लोमो झाल्मान आउएरबाख (1910–1995) यांनी यावर लिहिलं की नाही दिलंस तर तो दुखावेल, धर्माचा आणि धर्म पाळणाऱ्यांचा द्वेष करू लागेल. तो दोष मोठा, म्हणून त्याला द्यावं.

शब्बाथला गाडी चालवणं वर्ज्य, मग जो गाडीनेच येणार अशा नातेवाइकाला बोलवायचं का? अमेरिकेतले राब्बी मोशे फाइनस्टाइन (1895–1986) म्हणाले, नाही. तो गाडीनेच येणार हे माहीत असताना बोलावणं म्हणजे त्याला चुकीत ढकलणं. आउएरबाख यांनी वाट काढली: रात्री मुक्कामाला राहा असं मनापासून म्हणावं, पुढचा निर्णय त्याचा. तामारने यहूदाला जी मोकळीक ठेवली, तीच मला इथे दिसते. दार उघडं ठेवायचं आणि तो कशातून आला हे बघायला खिडकीशी जायचं नाही.

हा खोटेपणा नाही का?

"उद्या सकाळी पोळीबरोबर खाऊ" असं आजी म्हणाल्या, ते खोटं होतं का? नव्हतं. शनिवारी सकाळी त्यांनी ते खाल्लंच असणार. त्यांनी खरं तेच सांगितलं, फक्त सगळं सांगितलं नाही. ताल्मुदात लग्नात नवरीबद्दल काय म्हणावं यावर पंडितांच्या दोन घराण्यांचा, म्हणजे गुरुपरंपरांचा, वाद आहे. शम्मायचं घराणं म्हणतं, ती जशी आहे तसंच म्हणा. हिल्लेलचं घराणं म्हणतं, प्रत्येक नवरी सुंदर आणि गुणी. शम्मायवाले विचारतात, ती लंगडी किंवा आंधळी असली तर? हिल्लेलवाले उलट विचारतात, बाजारातून कुणी वाईट वस्तू घेऊन आला, तर त्याच्यासमोर तिची निंदा करायची की स्तुती? व्यवहारात हिल्लेलची बाजू रुजली.

आपल्या घरी ज्यू पाहुणा आला तर

एकच गोष्ट सांगते: आधी विचारा, फोनवर, एकट्याला. "तुम्ही काय काय खाता?" हा प्रश्न पानं मांडल्यावर विचारला की त्याला चारचौघांत आपला धर्म उलगडून सांगावा लागतो. सगळे सारखं पाळत नाहीत. कुणी सगळं खातो, कुणी फक्त शाकाहार घेतो, कुणाला आपली भांडीसुद्धा चालत नाहीत. यातलं कुठलंही उत्तर आलं तरी तुमच्या स्वयंपाकाबद्दल तो काही म्हणत नसतो. अख्खी फळं, सोलून खायची केळी-संत्री, हे जवळपास सगळ्यांना चालतं.

अलिबागजवळच्या एका वाडीत इस्रायलहून आलेला एक अगदी कडक पाळणारा तरुण आपल्या आजोबांचं जुनं घर शोधत आला होता. शेजारच्या काकूंनी त्याला ओटीवर बसवलं. आजोबांना त्या ओळखत होत्या, त्यामुळे त्याला तसंच जाऊ देणं त्यांना शक्य नव्हतं. आणि तो घरचं काही घेणार नाही, हे त्यांच्या बेने इस्रायली मैत्रिणीने त्यांच्या कानात आधीच सांगितलेलं. काकूंनी चहाचं नावही काढलं नाही. परसातलं शहाळं उतरवून आणलं, त्याच्यासमोरच कोयत्याने तासलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. तो तोंड लावून घटाघटा प्यायला, पाणी हनुवटीवरून शर्टावर ओघळलं. मग काकूंनी शहाळं फोडलं आणि मलई काढायला त्याच्याच सालीचा एक कपचा छिलून त्याच्या हातात दिला. घरातला एकही चमचा लागला नाही.